वीस मिनिटं

तळणवाडीला पोचले तेव्हा मे महिना
पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरचीसारखा करकरीत.
हगवणीचे अकरा रुग्ण, दोघं सलाइनवर,
आणि माझ्या पिशवीत साबणाच्या डबीएवढं यंत्र.
आजवर आम्ही बाटल्या भरायचो, बर्फात खोचायचो,
हिंगोलीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसायचो.
जंतू वाढायला दोन दिवस, कागद यायला आठवडा.
तोवर गाव आपसूक बरं व्हायचं,
किंवा नाही व्हायचं.

व्यंकटी बोंढारे, जलसुरक्षक, सहा महिन्यांचं मानधन थकलेलं,
चप्पल काढून टाकीच्या शिडीवर चढला.
"म्या पावडर टाकली, मॅडम. मोजून."
नळीत औषधाचे दोन थेंब सोडले,
पाणी पिवळं झालं, त्याचा जीव भांड्यात पडला.
यंत्रातही विहीर शून्य. टाकी शून्य.
मग आम्ही गल्लीच्या शेवटच्या घराकडे निघालो.

ओट्यावर प्रयागबाई. सून दवाखान्यात, लेकराजवळ.
"कोनाची वं तू?"
आमच्याकडे या प्रश्नाला नुसत्या नावाने भागत नाही.
"खंदारे," मी म्हणाले.
तिने ते आडनाव जिभेवर फिरवलं,
भातातला खडा शोधावा तसं.
मग आत गेली. रांजणावरचा तांब्या जागचा हलला नाही.
फडताळातून एक वेगळा पेला निघाला,
काठाला पोचा पडलेला.
ऊन फार होतं.
मी प्यायले.

नळाची वेळ नव्हती,
म्हणून त्याच रांजणातलं पाणी पट्टीवर सोडलं.
पट्टी म्हणजे बोटभर प्लास्टिक, टोकाला सोन्याचा वर्ख,
सोनाराच्या फुंकरीने उडेल एवढा.
त्या वर्खावर रोवलेली प्रतिद्रव्यं,
कुठल्याशा सशाच्या रक्तात शिकून आलेली,
बेचक्यांसारखी, लाखोंनी, तोंड वर करून उभी.
येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारतात:
कोणाचा रे तू?
माती, शेवाळ, गंज, बिनउपद्रवी जिवांची जत्रा
सगळी पुढे सरकते.
ज्याचं अंग बेचकीत नेमकं बसतं
तोच अडकतो,
आणि वर्खावरून जाणारी वीज
किंचित अडखळते.
तेवढं अडखळणं यंत्राला पुरतं.

वीस मिनिटं लागतात.
"मोबाईल हाय का त्यो?"
नाही मावशी.
"मंग बोलत कसा न्हाई?"
व्यंकटी भिंतीला टेकून नखं कुरतडत होता.
माझा हात पोटावर कधी गेला
कळलं नाही.

चौदाव्या मिनिटाला आकडा हलला.
सतराव्याला लाल दिवा.

"काय म्हनतंय?"
पाणी खराब आहे.
तिने रांजणाकडे पाहिलं, मग पेल्याकडे,
मग पहिल्यांदा सरळ माझ्याकडे.
"इटाळलं?"

हा शब्द माझ्या आजोबांच्या ओंजळीत
वरून पडायचा, पाण्याबरोबर.
माझ्यापर्यंत तो घरात कोणी उच्चारला नव्हता,
तरी मी लगेच ओळखला.
"नाही," म्हणाले. "दूषित झालंय."
"म्हंजे त्येच की."
"नाही मावशी. ते नाही."
याहून जास्त मला सांगता आलं नाही.

बाहेर व्यंकटीने गटारात कोपरापर्यंत हात घातला
आणि व्हॉल्व्ह चाचपला. तिथंच गळत होतं.
त्यानं ग्रामपंचायतीत तीनदा लिहून दिलं होतं,
तिन्ही कागदांच्या पोचा त्याच्या खिशात,
घामाने एकमेकींना चिकटलेल्या.
तो पाना आणायला पळाला.

प्रयागबाईने चुलीवर पातेलं चढवलं.
"किती उकळू?"
उकळी फुटल्यावर अजून दहा मिनिटं.
"तुला बी लागंल न्हवं? मीठ-साखर टाकून देते."
ती कोणतं भांडं घेते
ते मला बघायचं नव्हतं,
म्हणून मी वही उघडली.

नमुना पाचवा. रांजण. दूषित.
पाणी पिणारी माणसं: पाच.

पाच खोडलं.
सहा लिहिलं.